वाटीतल्या गोळ्या

सकाळी आईचा डबा घेऊन हॉस्पिटलला निघालो, तर जिन्यात शेजारच्या काकू समोरच्या वहिनींची वाटी परत देत होत्या. काल विरजणाला नेलेली. रिकामी वाटी कशी द्यायची, म्हणून तीत चार अँटिबायोटिक गोळ्या.

"यांचा ताप उतरला, मग उरल्या. तुमच्या पिंकीचा घसा धरलाय ना?"

"अहो, त्या काकांनीच संपवायच्या," मी म्हटलं. "आणि पिंकीला आधी डॉक्टरांना दाखवा."

"आईंमुळे तुम्ही फार धसका घेतलाय," काकू हसल्या.

धसका कसला, आता नुसता थकवा आहे. आईच्या रक्तातल्या जंतूंवर एकही औषध चालत नाही. डॉक्टर म्हणाले, औषधातून वाचलेले जंतू चिवट होतात आणि वाचण्याची युक्ती आजूबाजूच्या जंतूंनाही देऊन टाकतात. म्हणजे शेजारधर्म तेही पाळतात. अर्धवट सोडलेल्या, नको तिथे घेतलेल्या, मायेनं वाटलेल्या गोळ्यांनी आपणच त्यांना तयार केलं. आता रागवायचं तरी कुणावर?

वहिनींनी वाटी आत नेली. आमच्याकडे रिकामं काही परत जात नाही. माझ्या हातातला डबासुद्धा हल्ली रोज भरलेलाच परत येतो.