त्येनं माझं नाव घेतलं

परवा सोलापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा राळेसारखा जळका वास आला आणि मी मनानं थेट मंद्रूपला, मामाच्या घरी पोचलो.

मामा टीव्ही दुरुस्त करायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी सकाळी आम्ही भावंडं त्याच्याकडे गुप्तहेराची मालिका बघत होतो. त्या सरकारी हेराच्या डोक्यात यंत्र बसवलेलं होतं. भिंतीपलीकडचं बोलणंही त्याला ऐकू यायचं.

मामा अचानक उठला. एवढ्या उकाड्यात त्यानं खिडक्या लावून घेतल्या. "हळू बोला की," तो म्हणाला. "त्येनं आत्ता माझं नाव घेतलं."

आम्ही खो खो हसलो, कारण मामा नेहमीच गमती करायचा. पडद्यावरचा हेर तर काहीच बोलत नव्हता, नुसता रोखून बघत होता.

मामी मात्र हसली नाही. शेंगा फोडणारे तिचे हात थांबले. "कवापासनं ऐकू येतंय तुमास्नी?"

"दिवाळीपासनं. तू भ्याली असतीस, म्हणून सांगितलं न्हाय."

मामीनं उठून टीव्ही बंद केला. कोंदटलेल्या खोलीत मामानं मान कलती केली. "अजून बोलतोय," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मामी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. उपचार लांबले, पण मामा सावरला. तेव्हा मला त्या हेराची भीती वाटली होती. आता वाटतं, दिवाळीपासून मामा रोज चारचौघांत बसून हसत होता आणि तो आवाज एकटाच ऐकत होता.