भूमिपूजनाआधीचा चर

डोंबिवलीत आईचं घर तळमजल्यावर, अगदी मागच्या बाजूला. सोसायटीचं मागचं अंगण खोलगट. पाऊस जरा धरला की तिथे तळं साचतं आणि सरळ आईच्या खोलीत येतं. पूर्वी ती सुपलीने उपसायची. यंदा तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर आलेला. ओल्या लादीवर पुन्हा पडली तर उठणं कठीण, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

सोसायटीला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेल्या तुमच्या मीटिंगा! माणसं लावली, अंगणापासून पुढच्या गटारापर्यंत चर खणून घेतला, नीट उतार काढला. पाइप आणून भिंतीशी ठेवले, ते दुसऱ्या दिवशी टाकायचे होते. रात्री मी नौपाड्याला माझ्या घरी गेले.

सकाळी आईचा फोन. "अगं, सेक्रेटरींनी चर बुजवला. स्वतः उभं राहून."

तशीच उठून गेले. सेक्रेटरी, इस्त्रीचा शर्ट घालून, उलट मलाच समजावायला लागले. "ताई, असं परस्पर करतात का? भाऊंनी या पाइपसाठी शब्द दिलाय. त्यांच्या हस्ते भूमिपूजन आहे. चर आधीच खणलेला असला तर भाऊ कुदळ कुठे मारणार?"

भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. घ्या! म्हातारं माणूस पडलं तर चालेल, भाऊंची कुदळ अडता कामा नये. मी भांडले, पण कमिटी एकमुखाने त्यांच्या बाजूला. एरवी यांचं पार्किंगवरूनही एकमत होत नाही.

भाऊंना लग्नं होती, वाढदिवस होते. होता होता एकदाचे आले. त्यांचा हात जोडलेला फोटो असलेला बॅनर कशाला बांधला होता? माझ्याच पाइपांना. नारळ फुटला, हार घातलेली कुदळ भाऊंनी उचलली आणि मारली. माती आमचीच, आधीच भुसभुशीत झालेली. कुदळ अशी रुतली की भाऊ स्वतःच चमकले. टाळ्या! आईला ज्येष्ठ रहिवासी म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून शाल-श्रीफळ दिलं. मग समोसे. "आता पुढचं ठेकेदार बघेल," असं सांगून भाऊ गाडीत बसले.

ठेकेदार काही उगवला नाही. पाऊस उगवला.

मी पोचले तेव्हा खोलीत घोट्यापर्यंत पाणी होतं. आई पाय वर घेऊन पलंगावर, वॉकर पाण्यात उभा. उंबऱ्याशी काहीतरी गुंडाळून कोंबलेलं दिसलं. ती भाऊंची शाल होती. पलंगावरून उतरून, भिंत धरत धरत, तिने ती एकटीने तिथे लावली होती. हे कळल्यावर असा संताप आला की विचारू नका.

पाऊस उघडल्यावर बॅनर मी स्वतः फाडला. पुन्हा चर खणला, पाइप टाकले, माती लोटायला घेतली, तोच सेक्रेटरी धावत आले. "ताई, थांबा थांबा! बुजवू नका. लोकार्पणाला भाऊ येणार आहेत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारात वॉकर टेकवून उभी असलेली आई शांतपणे म्हणाली, "येऊ देत की. येतील तेव्हा ती शालही घेऊन जा म्हणावं. अजून वाळली नाहीये."