शाईची रेघ

"कागदावर सापडलं ते शाईनं, तोंडून आलं ते पेन्सिलीनं, आणि ज्याला हे पटत नाही त्यानं आपलं झाड आपण लावावं."

धनराजी मास्टराइनचं हे वाक्य लंबाशाच्या साखर कारखान्यापलीकडच्या वस्तीत शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. शायलनं ते पहिल्यांदा कधी ऐकलं हे तिला सांगता आलं नसतं. ती रांगत होती तेव्हापासून फुआच्या ओसरीत कागद पसरलेले असत आणि त्यांवर पाय पडला की पाठीत धपाटा बसे. फुआ म्हणजे हीच मास्टराइन, तिच्या बापाची थोरली बहीण. लग्न केलं नाही, बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीच्या आधीपासूनच लोकांच्या वंशाची झाडं लावायला घेतली. कुणाचा आजा कोणत्या जिल्ह्यातून आला, कोणत्या जहाजात चढला, कोणत्या मळ्यावर पाच वर्षं ऊस तोडला, बायको बरोबर होती की बंदरावरच्या डेपोत भेटली, हे सगळं ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडायची. आधी पेन्सिल. मग वर्षातून एकदा बोटीनं राजधानीला, सुव्याला जायचं, दप्तरखान्यात बसून गिरमिटियांचे, हिंदुस्थानातून या बेटांवर करारानं आणलेल्या मजुरांचे, पास शोधायचे, आणि परत आल्यावर जे सापडलं तेवढ्यावर शाई.

मयताच्या घरी ती वही घेऊन जायची. रडणं ओसरलं की म्हाताऱ्यांच्या बाजूला जाऊन बसायची आणि चहाच्या कपात चौथा चमचा साखर ढवळत हळूच विचारायची, मावशी, तुमच्या सासऱ्याच्या आईचं नाव काय हो? लोक म्हणत, मास्टराइन छत्री घेऊन कुणाच्या अंगणात शिरली की समजावं, आतल्या म्हाताऱ्याचं काही खरं नाही. तिला हे माहीत होतं. एकदा आजारी माणसाला भेटायला गेली तर त्यानंच पांघरुणातून विचारलं, "इतक्यात आलीस?" फुआ म्हणाली, "तुझं नाव आधीच लिहून झालंय. तुझ्या आजीचं सांग आणि मग निवांत झोप."

"आमचे आजे कलकत्त्याचे" असं कुणी म्हटलं की ती चिडायची. कलकत्त्याला तर सगळेच चढले, म्हणायची, तुमचे आजे काय बंदरावर जन्मले? कुणी 'बस्ती' हे जिल्ह्याचं नाव गावाचं समजून सांगे, कुणाला नुसता आजीच्या तोंडचा विहिरीजवळचा चिंचेचा उल्लेख आठवे. चिंच पेन्सिलीनं लिहिली जायची. बसगाड्यांचा एक मालक सिडनीला जाण्याआधी चौकटीत लावायला झाड न्यायला आला. बरोबर तांदळाचं पोतं होतं, आणि आजाच्या नावापुढे ठाकूर असं यावं एवढीच त्याची इच्छा होती. फुआनं पोतं ठेवून घेतलं, रामायण मंडळीच्या भंडाऱ्यात दिलं, आणि पासावर जात केवट होती तीच शाईनं लिहिली. म्हणून तर लोक तिच्याकडे येत. तिची शाई म्हणजे शाई होती.

शायलच्या लग्नाची गाठ याच शाईत अडकली.

ती सुव्याला औषधांच्या दुकानात नोकरीला होती. तिथं तिला रोनील भेटला. तो विजेची कामं करी, मूळचा लौटोकाचा. त्याचं आडनाव प्रसाद, हिचं लाल. तिथल्या लोकांत आडनावावरून काही कळत नाही. बापाचं नाव कारकुनानं जिथं लिहिलं तिथं ते आडनाव होऊन बसतं, आणि सख्ख्या भावांची घरं दोन आडनावांची होतात. सहा महिन्यांनी रोनीलनं फोनमध्ये आपल्या बापाचा फोटो दाखवला तेव्हा शायलच्या हातातली पोळी तशीच राहिली. तो महेन काका होता.

महेन काका तिच्या बापाचा चुलत चुलत भाऊ. जमिनीचा पट्टा संपला तेव्हा घरदार उचलून लौटोकाला गेला होता, तेव्हा रोनील पाच वर्षांचा असेल. पण काका दर वर्षी एकटाच रात्रभराची बोट आणि मग सावूसावूहून बस करून यायचा. फुआ त्याला राखी पोस्टानं पाठवायची आणि ती उशिरा पोचली की तो फोनवर भांडायचा. शायलच्या पणज्याचं नाव रामखेलावन आणि रोनीलच्या पणज्याचं नाव भिखारी. दोघे भाऊ. एकाच जहाजातून आले, एकाच मळ्यावर राबले, एक गेला तेव्हा दुसऱ्याच्या मुलांनीही डोकी भादरली. फुआच्या कागदावर सगळ्यात वर दुखी हे नाव होतं आणि त्याच्याखाली दोन रेघा, एक रामखेलावनकडे, एक भिखारीकडे. दोन्ही शाईत. त्याची नक्कल रामायण मंडळीच्या खोलीत भिंतीवर लावली होती.

शायलच्या बापानं, सुरुजनं, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला की एका दुखीची लेकरं एकमेकांशी लग्न करत नाहीत, चार पिढ्या झाल्या तरी नाहीत. पंडितजींनीही तेच सांगितलं, आणि सांगताना भिंतीवरच्या नकलेकडे बोट केलं.

म्हणून शायल फुआकडे गेली. काही मागायला गेली नव्हती. फुआ नाही म्हणाली की प्रश्न संपेल, आणि संपलेला प्रश्न घेऊन सुव्याला परत जाता येईल, असं तिच्या मनात होतं. फुआ दालोची, म्हणजे अळवाची, पानं निवडत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, देठ एका बाजूला केले. मुलगा दारू पितो का, एवढं एक विचारलं. मग पुन्हा पानं निवडायला लागली. शायलला वाटलं तिला ऐकू आलं नसावं.

"महेनला बोलाव," फुआ म्हणाली. "रविवारी. मुलाला नको आणू म्हणावं."

रविवारी दुपारी सुरुजच्या ओसरीत चटई अंथरली होती. मधे नगोन्याचं, मुळ्या कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाचं, लाकडी भांडं. महेन काका सकाळच्या बसनं आला होता, लौटोकाचं आंब्याचं लोणचं घेऊन, आणि प्रवासानं सुजलेले पाय लांब करून बसला होता. त्याचा या लग्नाला विरोध असा नव्हता. त्याला फक्त लाज वाटत होती, आपल्या पोरानं बहिणीकडे तसं बघितलं याची, आणि ती लाज तो विनोदात बुडवत होता. सुव्याची पोरं हल्ली एकमेकांना नाव विचारायच्या आधी फोन नंबर विचारतात, असं काहीतरी. सुरुज हसला नाही.

फुआ आली ती हातात कागदाची गुंडाळी घेऊन. तिनं कॅलेंडरचं झाड चटईवर उलगडलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मग ब्लाउजच्या आतून एक घडी काढली. पासांच्या दोन नकला होत्या, घडीवर पिवळ्या पडलेल्या. तिनं त्या वर्गात हजेरी घ्यावी तशा वाचल्या. रामखेलावन, बापाचं नाव दुखी, जिल्हा बस्ती, जात कुर्मी, वय वीस, डाव्या भुवईवर व्रण. भिखारी, बापाचं नाव झिंगुरी, जिल्हा शहाबाद, जात केवट, वय एकोणीस. जहाज एक, तारीख एक. पासांचे नंबर एकापुढे एक.

बाहेर उसाची गाडी रुळावरून खडखडत गेली. 

"म्हणजे भाऊ नव्हते?" सुरुज म्हणाला.

"जहाजी भाऊ होते. एका जहाजातून आले म्हणून भाऊ."

"हे तुला कधीपासून माहीत?"

"अठ्ठ्याऐंशीपासून."

शायल तेव्हा जन्मलीही नव्हती. तिनं भिंतीला पाठ लावली. फुआ पुढे सांगत गेली, फार सावकाश, जणू प्रत्येक शब्द लिहून घेणाऱ्याला वेळ द्यावा. त्या वर्षी ती सुव्याहून परतली तेव्हा बाबू, म्हणजे तिचे वडील, शेवटच्या दुखण्यात होते. महेन त्यांना कालवलेला भात भरवत होता. महिनाभर तोच करत होता सगळं, उचलणं, धुणं, कूस बदलणं, कारण सुरुज तेव्हा कारखान्यात पाळीवर असायचा आणि बाबूंना बाईमाणसाकडून करून घ्यायला लाज वाटायची. बाबूंनी घास गिळला आणि विचारलं, सापडले का पास? भिखारी काकाचा आणि माझ्या बापाचा गाव एकच ना?

"मी म्हटलं, एकच," फुआ म्हणाली. "मग ते गेले. तेराव्यानंतर मी शाई घेतली आणि दुसरी रेघ ओढली."

सुरुजचा आवाज चढला. लोकांना काय काय ऐकवलंस, म्हणाला, चिंचेच्या झाडासाठी माणसांना रडवलंस, ठाकुराला केवट केलंस, आणि स्वतःच्या घरात खोटी शाई? उद्या हे बाहेर पडलं की चाळीस घरांची झाडं लोक उखडून टाकतील. फुआ म्हणाली, टाकू देत. तिच्या बोलण्यात ना माफी होती ना हट्ट. शायलला ती एकदम म्हातारी दिसली, आणि मग लक्षात आलं की ती गेली कित्येक वर्षं म्हातारीच होती.

सुरुज थांबला नाही. मग आपण भाऊ आहोत असं कशाला सांगत फिरले दोघे जन्मभर, त्यानं विचारलं.

वेगवेगळ्या मळ्यांवर पाठवू नये म्हणून साहेबाला सांगितलं असेल, फुआ म्हणाली. नाहीतर जहाजातच काही घडलं असेल. "पण हे मी पेन्सिलीनंही लिहिणार नाही. मला कुणी सांगितलेलं नाही."

 महेन काकानं भिखारीच्या पासाची नक्कल उचलली, डोळ्यांपासून लांब धरली, चष्मा नसल्यामुळे आणखी लांब धरली. झिंगुरी हे नाव त्यानं दोनदा उच्चारलं. आपला पणजा पहिल्यांदा भेटल्यावर माणूस जसं करेल तसं. मग त्यानं कागद खाली ठेवला आणि त्याची घडी होती तशी घातली.

"दिदी," तो म्हणाला, "मग मी तुझा कोण?"

फुआनं वाटीची जागा जराशी बदलली.

 काकानं नगोन्याची करवंटी स्वतःच भरली, एका दमात रिकामी केली, रिवाजाप्रमाणे तीनदा टाळ्या वाजवल्या आणि सुरुजकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बरं, माझी अडचण सोडव. लग्नात मी बसू कुठं? मुलाचा बाप म्हणून रुसून बसायचं तर मुलीचा काका म्हणून माझी समजूत मलाच काढावी लागणार. जेवण तरी दोन वेळा मिळेल का?"

सुरुजला हसायचं नव्हतं. पण त्याचा खालचा ओठ हलला, आणि एकदा हलल्यावर त्याला काही करता येईना. तो तोंड फिरवून बाहेर बघत राहिला. म्हणाला, हुंड्याबिंड्याचं बोललास तर बोटीत बसवून परत पाठवीन. काका म्हणाला, लोणचं आणलंय तेवढं परत दे म्हणजे झालं. अशा रीतीनं शायलचं लग्न ठरलं. तिला कुणी काही विचारलं नाही. तिला पाणी प्यावंसं वाटलं, पण ती उठली नाही, कारण फुआ अजून कागदाकडे बघत होती.

राहिला पंडितजींचा प्रश्न. सुरुज म्हणाला की पास दाखवून भागणार नाही, झाडावर शाई आहे आणि तीच गावानं पाहिली आहे. मंडळीच्या खोलीतली नक्कलही बदलायला हवी. कुणी नुसती काट मारली तर लोक म्हणतील पोरीच्या लग्नासाठी मारली. रेघच राहता कामा नये. हे सगळं तो फुआकडे न बघता बोलला.

फुआ महेन काकाकडे बघत होती.

"खरवडून टाक, दिदी," काका म्हणाला. "पोरांची वाट अडते."

शायलनं आतून बापाच्या दाढीचं ब्लेड आणलं. ते देताना तिला म्हणावंसं वाटलं, फुआ, राहू दे, आपण दुसरं काहीतरी करू. ती म्हणाली नाही. तिला रोनील हवा होता. फुआनं ब्लेड अंगठा आणि बोट यांच्यात धरलं, दुसऱ्या हातानं कागद ताणला, आणि दुखीच्या नावापासून खाली, भिखारीपर्यंत गेलेल्या रेघेवर ते आडवं फिरवायला लागली. जाड कागद होता, चांगली शाई होती. सव्वीस वर्षांत ती आत मुरली होती. पहिल्यांदा नुसती चमक गेली. मग काळ्याचं करडं झालं. कागदाचा बारीक भुसा पडू लागला. फुआचा हात वर्गातल्या फळ्यावर असायचा तितकाच स्थिर होता. महेन काका पाय जवळ घेऊन बसला होता आणि ब्लेडकडे अशा नजरेनं बघत होता की शायलनं मान खाली घातली.

एका ठिकाणी कागद इतका पातळ झाला की खालच्या चटईचा हिरवा रंग दिसायला लागला. फुआ तिथं थांबली. उरलेली इंचभर रेघ तिनं त्याच सावकाशीनं काढली. मग पेन्सिल घेऊन भिखारीच्या डोक्यावर झिंगुरी लिहिलं, पास पाहिला, पेन्सिल ठेवली, पेन घेतलं आणि तेच नाव शाईनं गिरवलं. आता कागदाच्या माथ्यावर दोन माणसं होती, एकमेकांपासून टीचभर लांब, आणि मधे खरवडलेला पांढरा पट्टा.

सुरुज म्हणाला, झालं, आता चहा टाका कुणीतरी. काका म्हणाला, दिदीला चार चमचे.

फुआनं कागदावरचा भुसा तळहातानं गोळा करून मुठीत धरला. ब्लेड पुसून चटईच्या कडेला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली तेव्हा महेन काकानं सवयीनं आधाराला हात पुढे केला. तिनं तो धरला, नीट उभी राहीपर्यंत धरून ठेवला, मग सोडला. पायरीशी जाऊन एकेक चप्पल पायात घातली. मूठ तशीच मिटलेली होती. शायल दारापर्यंत गेली आणि तिनं हाक मारली. फुआ वळली नाही. ती अंगण ओलांडून, रुळांच्या पलीकडे, उसामधल्या वाटेनं निघून गेली.