पॉलिकीट म्हणजे कीटक न्हाई!

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात मी दहा वर्षं प्राणिशास्त्र शिकवतोय. शिकवलेलं कुणाच्या किती लक्षात राहिलं ते देव जाणे, पण किस्से मात्र कपाटभर साठलेत! आणि त्यातले सगळ्यात भारी किस्से एका बोटभर किड्याचे आहेत.

आमच्या विभागप्रमुखांचा, म्हणजे पाठक सरांचा, एक वर्गमित्र नॉर्वेत समुद्रातल्या किड्यांवर काम करतो. सुट्टीवर नांदेडला आला तेव्हा त्यानं सरांसाठी तिकडच्या बर्फगार पाण्यातला एक किडा आणला, स्पिरिटच्या बाटलीत. दोघं अर्ध्या वाटेत, वारंगा फाट्यावर भेटले. मित्र बाटली देऊन घाईत निघून गेला. सरांना भूक लागलेली. हॉटेलात बसले, बाटली टेबलावर ठेवली आणि थाळी मागवली.

वाढपी थाळी घेऊन आला आणि बाटलीकडे बघतच राहिला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "सर, भाईरचं लोणचं अलाऊ न्हाई!"

*

बाटलीत कागदाच्या चिठ्ठीवर मित्रानं किड्याचं नाव लिहिलं होतं. पण आमचे प्रयोगशाळेतले गंगाधरमामा पडले टापटिपीचे! बाटली आली त्याच दिवशी त्यांनी ती खळखळा हलवली, जुनं स्पिरिट मोरीत ओतलं आणि नवं भरलं. नाव बॉलपेननं लिहिलेलं. स्पिरिटात शाई टिकते होय! चिठ्ठी कोरी करकरीत.

सरांनी बाटली बघितली महिन्याभरानं, आणि किंचाळलेच, "मामा, नाव कुठं गेलं?"

"नाव व्हतं व्हय ते? मला वाटलं मळ हाय. काढला की!"

मित्र तोवर परत जाऊन भर समुद्रात बोटीवर, कित्येक महिने फोन लागेना. सरांना अंधुक आठवलं की तो 'लेपिडोनोटस' असं काहीतरी म्हणाला होता. झालं, तेच नाव बाटलीवर चिकटलं.

*

हा किडा सविताला मिळाला. सविता कुरुंद्याची, घरी हळदीचं शेत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रोजेक्ट म्हणजे या किड्याचं अंग तपासायचं आणि नाव सिद्ध करायचं. नाव चुकलं की प्रोजेक्ट गेला, आणि वर्षही गेलं!

या किड्यांच्या गटाला पॉलिकीट म्हणतात. पॉलि म्हणजे पुष्कळ आणि कीट म्हणजे ग्रीकमध्ये केस. अंगाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुपके असतात म्हणून हे नाव. हे मी दर वर्षी घसा फोडून सांगतो, आणि दर वर्षी पेपरात कुणीतरी लिहितंच, 'पॉलिकीट म्हणजे पुष्कळ कीटक.'

पोरांना तरी काय बोलणार! सविताचे वडील एकदा कॉलेजात आले आणि काळजीनं मलाच विचारू लागले, "सर, ह्ये पॉलिकीट हळदीवर कवा पडतंय? फवारायचं काय?"

सविता म्हणाली, "बाबा, कीटक न्हाई तो! थंड समुद्रात ऱ्हातो, लई दूर."

"मंग आपुन काहून भिऊन राहिलो?" म्हणत ते निवांत चहा प्यायले.

*

एकदा सवितानं मामांना सूक्ष्मदर्शकात किडा दाखवला. चार डोळे, डोक्यावर तीन मिशा, पाठीवर खवल्यांच्या जोड्या. शिवाय शिकार दिसली की हा घसाच तोंडाबाहेर काढतो आणि त्या घशाच्या टोकाला चार जबडे!

मामा बराच वेळ बघत होते. मग मान वर करून म्हणाले, "आन् असल्याला मी खळखळा धुतला? माझीच हिंमत म्हनायची!"

*

गोची झाली ती खवल्यांवरून. लेपिडोनोटसला खवल्यांच्या बारा जोड्या असतात. त्याच्या जवळच्या नात्यातल्या हार्मोथीला पंधरा. सरांनी मोजल्या, बारा भरल्या. मीही मोजल्या, बाराच. सविता मात्र चार दिवस सूक्ष्मदर्शकाला चिकटून होती, आणि पाचव्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, हा हार्मोथी आहे."

मामा दारातून म्हणाले, "हारमोत्या? बैलाला झ्याक नाव हाय!"

मी पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. दोन-तीन दिवसांनी त्यांनी प्रोजेक्टवर सही केली आणि शांतपणे म्हणाले, "तुझं नाव, तुझी जबाबदारी. परीक्षकांपुढे मी तोंड उघडणार नाही."

मला रागच आला त्यांचा. पण सविताला उगाच तकलीफ नको म्हणून मी तासाला निघून गेलो.

*

तोंडी परीक्षेला नांदेडहून मॅडम आल्या. कडक बाई! त्यांनी प्रोजेक्ट चाळला, बाटली उचलली आणि सविताकडे बघितलं.

"बाटलीवर तुमच्या सरांनी दिलेलं नाव वेगळं, प्रोजेक्टमध्ये तुझं वेगळं. जोड्या तर बाराच दिसतायत. पंधरा कुठून आणल्यास?"

पुस्तकातलं उत्तर सविताला पाठ होतं, मी स्वतः ऐकलेलं. पण ऐन वेळी ते काही तोंडात येईना. तोंडात आलं ते कुरुंद्याचंच.

"मॅडम, हळकुंड मोडून घेतलं तरी गड्ड्यावर डाग ऱ्हातो की न्हाई? कुठून मोडलं ते दिसतंच. या किड्याचे खवले लवकर गळतात, तीन जोड्या बाटली धुताना गेल्या. पण ते जिथं बसले व्हते ते उंचवटे अंगावर तसेच हायेत. मी खवले न्हाई मोजले मॅडम. बसायच्या जागा मोजल्या."

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. किती वेळ! मग सरळ झाल्या. खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाल्या, "पाठक सर, तुम्ही मोजा."

सर पुढं आले, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. मोठ्यानं मोजायला लागले. दहा झाल्या, अकरा झाल्या. बाराला थांबले.

"तेरा," सर म्हणाले.

मी सविताचा चेहरा बघितला नाही, धीरच झाला नाही.

"चौदा."

आणि सर बाजूला झाले, खुर्ची सविताकडे वळवली.

"पुढची तू मोज, बाळ."