बारा पौंडांवर सतरा पौंड व्याज

अशी कल्पना करा की क्रेडिट कार्डाचं बिल तुमच्या हातात आहे. मागचं बिल पाचशे बारा पौंडांचं होतं आणि त्यातले पाचशे तुम्ही मुदतीच्या आधीच भरलेत. राहिले बारा. नव्या बिलावर व्याज किती लागलं असेल, अंदाज करा. वीस-पंचवीस पेन्स, असंच कुणीही म्हणेल. गेनर सग्डनही तेच म्हणाली होती. मग तिने पाकीट फोडलं, चष्मा लावला, आणि व्याजाच्या ओळीत सतरा पौंड वाचले.

तिच्या डोक्यात पहिल्यांदा बँक आली नाही, लिनेट आली. लिनेटला नसणार लागलं, असं तिला वाटलं, आणि ते वाटताच सतरा पौंड दुप्पट बोचले.

लिनेट तिची धाकटी बहीण. दोघी कीथलीतल्या एकाच चाळवजा रांगेतल्या घरात वाढल्या. गेनर तिथेच राहिली, गेली वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, तीनशे पोरांच्या कस्टर्डला एक गुठळी होऊ देत नाही. लिनेटने सर्व्हेयरशी लग्न केलं आणि ती इल्कलीला, पैसेवाल्यांच्या गावात, गेली. अंतर बसने अर्ध्या तासाचं, पण गेनरच्या हिशोबात फार लांबचं. लिनेटच्या घराला मागे काचेची खोली आहे. ती तिथे बसून कॉफी पिते आणि 'इथे ऊन फार येतं गं' अशी तक्रार करते. यॉर्कशरमध्ये उन्हाची तक्रार करणारी बाई गेनरने दुसरी पाहिलेली नाही.

कार्डही लिनेटमुळेच आलं होतं. या कार्डावर सगळी खरेदी केली, पॉइंट्स साठले आणि माडेरा बेटावर सुट्टीला जवळजवळ फुकट जाऊन आलो, असं तिने एका रविवारी सांगितलं. गेनरने पुढच्याच आठवड्यात त्याच बँकेचं तेच कार्ड घेतलं. माडेराला जायची तिला हौस नव्हती. लिनेट जाऊन आली आणि आपण नाही, हे तिला नको होतं, पण कार्ड मग ड्रॉवरमध्येच पडून राहिलं.

पण यंदा गोष्ट माडेराची नव्हती. त्यांच्या आईला, नॉर्माला, अलीकडे नजरेच्या मधलं दिसेनासं झालं होतं. कडेकडेचं दिसे, पण बँकेचे कागद वाचता येत नव्हते. कुणातरी मुलीच्या नावाने मुखत्यारपत्र करावं, असं डॉक्टरांनी सुचवलं. रविवारी जेवणं झाल्यावर ग्रेव्हीचं भांडं अजून टेबलावर असताना आई सहज म्हणून गेली की ती लिनेटचा विचार करतेय, लिनेटला आकड्यांचं डोकं आहे. ईस्टरनंतर वकिलाकडे जायचं.

गेनर उठली. तिने ताटं उचलली, जरा जोरातच. आईच्या डोळ्यांत रोज थेंब कोण घालतं? कुठल्या मंगळवारी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, ते कुणाला ठाऊक असतं? आणि सही मात्र लिनेटची. तिने ठरवलं की आता ते कार्ड बाहेर काढायचं आणि ईस्टरपर्यंत असं चोख चालवायचं की आईला दाखवता येईल. आणि दुसऱ्याच बिलाने तोंडघशी पाडलं.

दोन दिवस तिने ते बिल बिस्किटांच्या डब्याखाली ठेवलं. बँक पत्ता बघून व्याज लावते, अशी तिची जवळजवळ खात्री झाली होती. लिनेटचा नवरा क्लाइव्ह गोल्फ खेळतो, तिथे बँकेची माणसं येतात, हेही तिला आठवलं. शेवटी तिला राहवेना. शनिवारी दोघी आईकडे होत्या, तेव्हा तिने लिनेटला तिचं बिल दाखव म्हणून सांगितलं. लिनेटला नवल वाटलं, पण तिने फोन काढून दाखवलं. खर्च जवळजवळ तेवढाच. व्याज शून्य.

"वाटलंच मला," गेनर म्हणाली. "इल्कलीवाल्यांना व्याज लागत नाही. काचेच्या खोलीची सवलत असेल."

"काहीतरीच काय बोलतेस," लिनेट म्हणाली. "तू भरलेस किती?"

"पाचशे. बारा तेवढे ठेवले."

"ठेवले? म्हणजे मुद्दाम?"

गेनरला प्रश्नच कळला नाही. मुद्दामच की. पुरतं खातं कोण मिटवतं? आई सत्तरच्या दशकात एका कंपनीच्या कॅटलॉगचं काम करायची. गल्लीतल्या बायका जाडजूड पुस्तकातून चादरी, पोरांचे बूट, पडदे उधारीवर निवडायच्या आणि दर शुक्रवारी थोडे थोडे पैसे आणून द्यायच्या. आईचा सगळ्यांना एकच सल्ला असे: पूर्ण फेडू नका, थोडं अंगावर ठेवा, म्हणजे कंपनी तुम्हाला विसरत नाही. त्या उरलेल्या पैशांवर कधी कुणाला व्याज पडलं नाही. पैसे मोजायला आईशेजारी गेनर बसायची. लिनेट वरच्या खोलीत चित्रांची मासिकं वाचत पडलेली असायची.

लिनेटला हे सगळं आठवत नव्हतं. तिने तिच्यापरीने समजावलं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दोन तास फुकट असतात ना, तसं हे. दोन तासांच्या आत निघालीस तर काही नाही. पण पाच मिनिटं जास्त झाली तर ते पाच मिनिटांचे पैसे घेत नाहीत, गाडी लावल्यापासूनचे घेतात. तू बारा पौंड ठेवलेस, म्हणजे सवलतच गेली. मग सगळ्या पाचशेंवर व्याज, आणि तेही प्रत्येक वस्तू घेतली त्या दिवसापासून. शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून.

"आणि तुला हे कधीपासून माहीत?"

"मला कुठे माहीत होतं? क्लाइव्हने सुरुवातीलाच बँकेला सांगून ठेवलं, दर महिन्याला सगळे कापून घ्या म्हणून. आपोआप जातात."

"म्हणजे आकड्यांचं डोकं तुझं नाही, बँकेच्या यंत्राचं आहे," गेनर म्हणाली. आई खुर्चीत बसून चहा ढवळत होती. तिने ऐकलं की नाही, ते कळलं नाही.

गेनर बिल घेऊन खिडकीपाशी गेली. पार्किंगचं तिला पटलं होतं. पटलं म्हणूनच ती पुढचा विचार करू लागली, जशी ती शाळेत भट्टी बंद केल्यावरही तापलेल्या पत्र्याचा विचार करते. व्याज रोज चढतं. हे बिल निघालं गेल्या सोमवारी, आणि आज शनिवार. मग मधल्या दिवसांचं व्याज कुठे आहे? ते या कागदावर असूच शकत नाही, कारण कागद आधीच छापला गेला. म्हणजे आज सगळे पैसे भरले तरी ते मधलं व्याज पुढच्या बिलावर येणार.

तिने तसं सांगितलं. लिनेट हसली. सगळं भरल्यावर व्याज कशावर लावतील, असं म्हणाली. गेनरने तिथूनच फोन करून अख्खं बिल चुकतं केलं, त्या महिन्यात कार्डाला हातही लावायचा नाही असं ठरवलं, आणि पैज लावली. जी हरेल तिने वकिलाकडे जायच्या दिवशी तिघींना चहा आणि यॉर्कशरची छेना भरलेली गोड टार्ट खिलवायची.

एप्रिलमधलं बिल आलं त्या दिवशी गेनर कामावरून टोपी न काढताच घरी आली होती. दारातच पाकीट फोडलं. खरेदी काही नाही, बाकी काही नाही. आणि खाली, ती म्हणाली होती तसंच, व्याज दोन पौंड आणि वर काही पेन्स. बँकेने व्याज लावलं म्हणून नाचावंसं वाटणारी कीथलीत दुसरी बाई नसेल. तिने लगेच फोटो काढून लिनेटला पाठवला. खाली एकच शब्द लिहिला: टार्ट.

तडक ती आईकडे गेली आणि तिने पहिल्या बिलापासून सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. आईने कडेच्या नजरेने तिच्याकडे पाहत पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बारा ठेवायचं मीच तुला शिकवलं होतं, पोरी. कॅटलॉगची गोष्ट वेगळी होती. ते मला तुला सांगायला हवं होतं."

मुखत्यारपत्राचा विषय न काढता गेनरने तिच्या डोळ्यांत थेंब घातले.

वकिलाकडे जायच्या दिवशी गेनरची शाळेत कामाची पाळी होती. लिनेट आईला गाडीतून घेऊन गेली. संध्याकाळी ती दोघींसाठी टार्टचा डबा घेऊन गेनरकडे आली, आणि कोट न काढताच तिने सांगितलं की आईने दोघींचीही नावं घातली. सही कुणीही एकीने केली तरी चालेल. वकिलाने नावं विचारली आणि आईने लगेच सांगितली, विचारसुद्धा करावा लागला नाही.

गेनरचे डोळे भरून आले. तिने किटली लावली, लिनेटला चांगल्या कपात चहा दिला, आणि तिच्या काचेच्या खोलीत यंदा टोमॅटोची रोपं कशी आली आहेत, तेही विचारलं. लिनेट हरखून सांगत बसली. टार्ट खरोखर छान होती. अर्धी खाऊन झाल्यावर गेनरच्या हातातला काटा मात्र थांबला.

"लिनेट," ती म्हणाली, "वकिलाने विचारल्यावर आईने आधी कुणाचं नाव घेतलं?"