थिओची डावी सीट

आधीच सांगून टाकतो, या सदरातले गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. दोन-तीनदा खाली कॉमेंट टाकून लोकांची रेवडीही उडवली आहे. त्यांनी आज माझी उडवावी, हक्कच आहे त्यांचा. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, गाड्यांच्या ब्रेक्सवर काम करतो. एखादी वस्तू फिरते किंवा फिरत नाही, आणि दोन्हीला कारण असतं — यावर माझं पोट चालतं. तरीही गेल्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जे पाहिलं ते लिहायला बसलोय. बायकोला सांगितलं तर ती "उन्हाचा त्रास झाला असेल" म्हणून मोकळी झाली.

आधी बाबांबद्दल. ते संरक्षण खात्याच्या एका चाचणी रेंजवर टेक्निशियन होते. कुठल्या, ते लिहीत नाही. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली तरी त्यांना ते चालायचं नाही. क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्या मागावर राहून फिल्म काढणारं एक अवजड यंत्र असायचं, सिनेथिओडोलाइट. बाबा नुसतं थिओ म्हणतात. त्याला दोन सीट. उजवीकडचा माणूस चाक फिरवून नळी वर-खाली करणार, डावीकडचा अख्खं यंत्र, दोघांच्या सीटसकट, गोल फिरवणार. दोघांचे हात जुळले तरच निशाण दुर्बिणीतल्या क्रॉसवर राहणार. उजवीकडे बाबा, डावीकडे कुडाळचे सावंतकाका. एकोणीस वर्षं.

त्यातली शेवटची अकरा वर्षं दोघांत अबोला होता.

हे मला आईकडून कळलं, बाबा कधी बोलले नाहीत. सावंतकाकांची आई अत्यवस्थ असल्याची तार आली आणि ट्रायल दोन दिवसांवर होती. साहेबांनी बाबांना विचारलं, दुसरा माणूस बसवून भागेल का? बाबांनी खरं होतं तेच सांगितलं, "सावंतशिवाय माझं जमणार नाही." रजा दोन दिवस लांबली. ट्रायल उत्तम झाली. काका गावी पोचले तेव्हा आईला जाऊन एक दिवस झाला होता. ते परत आले, ड्यूटीवर बसले, आणि बाबांशी पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. पूर्वी बाबा विचारायचे, "सावंत, रेडी?" आणि काका ओरडायचे, "रेडी!" ते बंद झालं. काम मात्र तसंच... रेंजवरच्या सगळ्या जोड्यांत यांची फिल्म सर्वांत स्वच्छ यायची म्हणे.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. बाबा कुडाळला गेले नाहीत. "कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांचं जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. आई-बाबा नगरहून इकडे आले तेव्हा त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी ही ट्रिप ठरवली. न्यू मेक्सिकोत एका लष्करी रेंजवर त्यांच्या कामाची जुनी यंत्रं उघड्यावर मांडलेलं म्युझियम आहे असं कळलं होतं. आई नोव्हायला थांबली, आम्ही दोघं निघालो.

गेटवर पासपोर्ट दाखवून आत गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पश्चिमेला ऑर्गन पर्वताचे सुळके, आणि खाली खडीवर पन्नासेक रॉकेटं आभाळाकडे तोंड करून उभी. ऊन असं की गाडीचं दार हाताला चटका देत होतं. बाबा रॉकेटांकडे ढुंकूनही न बघता सरळ मागच्या कोपऱ्यात गेले. तिथे दोरीच्या आत थिओ होता.

"अरे, हा तर आपलाच!"

"आपला कुठला बाबा, अमेरिकनांचा आहे."

"गप. बनावट तीच आहे."

आणि खिशातून त्यांनी डबी काढली. त्या दिवशी खंडेनवमी होती. रेंजवर त्या दिवशी थिओला हळद-कुंकू लागायचं, म्हणून हा माणूस नोव्हायहून विमानात हळद-कुंकू घेऊन आला होता!

"बाबा, मिलिटरीची जागा आहे. आत टाकतील आपल्याला."

"पाया पडणाऱ्याला कोण आत टाकतं?"

मी थिओचा एक फोटो काढला. नळी सरळ सुळक्यांकडे होती, हे लक्षात ठेवा. फोटो तपासून वर बघतो तर बाबा दोरीखालून वाकून आत गेलेले. चाकाला हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, उजव्या सीटवर चढून बसले. दुर्बिणीला डोळा लावला. भिंगं कधीच काढून घेतलेली, आत नुसतं भोक होतं. माझं अर्धं लक्ष कुणी येतंय का याकडे.

मग ऐकलं. अगदी हळू, लहान मुलानं विचारावं तसं.

"सावंत... रेडी?"

बाबा थांबले. मीही थांबलो, का ते माहीत नाही. उत्तर आलं नाही. वर घारीसारखा एक पक्षी गिरक्या घेत होता. बाबांच्या हातातलं चाक कुरकुरलं आणि नळी वर उचलली गेली. इथवर ठीक आहे, जुनं यंत्र असं कधी हलतं. पण त्यानंतर समोर दिसणारी बाबांची पाठ हळूहळू बाजूला वळली. मग मला त्यांचा गाल दिसला. मग चेहरा. अख्खा थिओ फिरत होता. बाबांचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या चाकावर होते. डावी सीट रिकामी होती, आणि तिच्यासमोरचं चाक फिरत होतं... जरा पुढे, जरा मागे, जुना हात फिरवतो तसं. पक्षी वळला की तेही वळत होतं. मिनिटभर असेल. पक्षी लांब गेला आणि सगळं थांबलं.

मी धावत जाऊन बाबांना खाली उतरवलं. चेहरा ओला होता. मला वाटलं, चला, मनातला सल गेला यांच्या. पण ते म्हणाले,

"बोलला नाही रे. काम केलं. पण बोलला नाही अजून."

तेवढ्यात डेल नावाचे सत्तरीतले व्हॉलंटिअर आजोबा आले. हळद-कुंकवाला काही म्हणाले नाहीत, बाबांना पाणी दिलं. यंत्राकडे बघून मात्र ते दोन पावलं मागे सरले. "हे तिकडे होतं ना?" त्यांनी सुळक्यांकडे बोट दाखवलं. पोरांची बोटं सापडू नयेत म्हणून ते मांडलं तेव्हाच खालून वेल्ड केलं होतं म्हणाले. आम्ही दोघांनी खांदा लावून ढकललं, तसूभर हललं नाही. मग मी खाली आडवा होऊन पाहिलं. वेल्डिंग चारही बाजूंनी शाबूत होतं, जुनं, गंजलेलं, कुठे चीर नाही. आणि नळी पूर्वेला, पार्किंगकडे. माझ्या पहिल्या फोटोत ती पश्चिमेला आहे. डेलना तो दाखवला. फोन मला परत देत ते म्हणाले, "सन, आय वुडंट रिपोर्ट धिस."

मी कोन काढले, सावल्या मोजल्या, फोटो उलटा तर झाला नाही ना तेही पाहिलं. काही लागलं नाही हाताला.

बाबा नगरला परतले आणि आठवड्याच्या आत, कुणाला न विचारता, कुडाळला गेले. भर दुपारी सावंतकाकूंच्या ओसरीवर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. काकू रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शेवटचे पंधरा दिवस ह्यांची वाचा गेली होती. उजवं अंग लुळं. डावा हात तेवढा चालायचा, तो पांघरुणावर असा गोल फिरवायचे. थोडा फिरवायचे, थांबायचे, मान वळवून उजवीकडे बघायचे. पुन्हा फिरवायचे. आम्हाला कळेना. उजवीकडे पाण्याचा तांब्या होता, म्हणून पाणी द्यायचो."

हे मला बाबांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. सांगताना तो हात करून दाखवला आणि फोन आईकडे दिला.

थिओ कसा फिरला, माझ्याकडे आजही उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, हसणार नाही. पण मला रात्री जागवतं ते वेगळंच आहे. पंधरा दिवस ती माणसं त्यांना पाणी पाजत राहिली, आणि उजव्या सीटवरचे बाबा तेव्हा नगरला घरीच बसून होते.