राबाखालची धग

मी आमचं गाव, कडाव, सोडलं त्या सकाळी माझ्या चुलतभावाचे, दिनाचे, दोन्ही तळहात केळीच्या पानांत गुंडाळलेले होते. टेंपो नाक्यावर थांबला होता. वडील ओटीवरून उठले नाहीत. त्यांचा खालचा ओठ फाटलेला होता आणि पुढचे दोन दात नव्हते. काकांनी फावड्याच्या दांड्यानं ते पाडले होते. आई बॅगेची चेन ओढत होती, ती अडकत होती. काकू अंगणात आली आणि एवढंच म्हणाली, "जा रं बाबा. तुला हात हायेत, कुठं बी पोट भरशील."

तिचं म्हणणं खरं ठरलं. सत्तावीस वर्षं मी हातांनीच पोट भरतोय, आता नेदरलँड्समधल्या एका लहान शहरात.

खालापूरकडची काकांची जमीन एका कारखान्यासाठी गेली, तेव्हा ते पाच जण आमच्या घरी राहायला आले. आम्ही सहा. खोल्या तीन, चूल एक, विहीर एक. पहिल्या महिन्यात आईनं काकूचा तवा चुलीवरून उतरवला, म्हणून काकूनं पहारीनं चूल फोडली. दुसऱ्या महिन्यात वडिलांनी काकांचा रेडिओ विहिरीत टाकला. मग आजीचं जातं फुटलं, मग गोठ्याचं दार, मग शेताच्या बांधावरून भांडण. बांधावर फावडं चाललं ते मी पाहिलं. वडील रक्त थुंकत होते आणि काका ओरडत होते, "अजून बोल! अजून बोल!"

राब चार दिवसांनी भाजला. इथे वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो: भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, डोंगरातून आणलेल्या झाडाच्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचतात, वर माती पसरतात आणि आग लावतात. जाळ थोडाच वेळ दिसतो. पुढे तो मातीखाली धुमसत राहतो. वरून बघाल तर करडी, मेलेली राख. म्हणून वडील म्हणायचे, "राख डोळ्यानं नाय बघायची रं. हाताची पाठ धरायची वर, वीतभर अंतरावर." हाताची पाठ तळव्यासारखी निबर नसते, तिला धग आधी कळते.

भाजल्याच्या दुसऱ्या सकाळी धग बघायला मला पाठवलं होतं. मी परत येऊन सांगितलं, "थंड झालाय. अठरा तास झाले."

दिना हसला. तो माझ्याच वयाचा, वीस वर्षांचा. "ऐका! मास्तर घड्याळात बघून राख मोजतो. भात बी घड्याळातच पेर." मग तो म्हणाला, "बापाचे दात मोजलेस काय रं? किती उरले?"

मी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो राबावर तळहात टेकून पडला, वरची खपली फुटली आणि आत सगळं लालबुंद होतं. त्याचे हात मनगटापर्यंत रुतले. तो ओरडला तसा आवाज मी त्यानंतर कुठल्याही माणसाचा ऐकला नाही. मी जागचा हललो नाही, चार आकडे मोजता येतील इतका वेळ. काकांनी त्याला बाहेर ओढलं. करपलेल्या कातडीचा वास दोन दिवस माझ्या नाकातून गेला नाही.

सगळे म्हणाले, याला वाटलं राब थंड आहे, म्हणून ढकललं. मीही तेच म्हणालो.

इथे मी एका वेधशाळेच्या प्रयोगशाळेत उपकरणं तपासतो. मी शास्त्रज्ञ नाही. अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता, टिपणारी उपकरणं बरोबर आकडा देतात का एवढंच बघतो. आमचे लोक एकमेकींवर आदळणाऱ्या दीर्घिकांचा अभ्यास करतात. आपली आकाशगंगा ही तशीच एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची. दोन दीर्घिका आदळल्या तरी तारे सहसा तारे फोडत नाहीत, त्यांच्यातलं अंतर फार असतं. आदळतो तो मधला वायू. दोन्हींचे लचके तुटून लांब शेपट्या निघतात, वायू केंद्रात कोसळतो आणि तिथे तारे असे पेटतात की हिशेब लागत नाही. पण साध्या दुर्बिणीतून बघाल तर धुळीनं माखलेला एक मळकट डाग. सगळा उजेड धूळ गिळते आणि उष्णता म्हणून बाहेर टाकते. अवरक्त उपकरण लावलं की तोच डाग एक लाख कोटी सूर्यांइतका पेटलेला निघतो.

पहिल्यांदा ती दोन चित्रं शेजारी शेजारी पाहिली तेव्हा मी नकळत हाताची पाठ पडद्यासमोर धरली.

पुढे काय होतं तेही ठाऊक आहे. वायू संपतो किंवा उधळला जातो, धूळ निवळते आणि दोन्हींची मिळून एकच गुळगुळीत, शांत दीर्घिका उरते. तिच्यात नवे तारे जवळपास जन्मत नाहीत. आमचं घर तसंच झालं. वडील आणि काका म्हातारपणी एकाच ओटीवर बसून चहा प्यायचे. तोवर आम्ही सगळी मुलं बाहेर पडलो होतो. राहिला फक्त दिना.

गेल्या वैशाखात मी गेलो. दोघे म्हातारे आता नाहीत. दिनाच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. राब भाजून तिसरा दिवस होता. मी खिशातून तापमान मोजायचं छोटं, पिस्तुलासारखं यंत्र काढलं.

"पिस्तूल आनलास काय रं माझ्यासाठी?" दिना म्हणाला. "उशीर केलास."

त्याची बायको सुनंदा हसली. "यांच्या हातांना धग कळतच नाय, भाऊजी. दरसाली मीच बघते."

मी ते यंत्र खाली ठेवलं. सांगायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. "दिना, त्या दिवशी मी राबावर हात धरला होता. गरम होता. मला ठाऊक होतं, तरी थंड म्हणालो."

राबाकडे बघतच तो म्हणाला, "मला बी ठाऊक हाय. विहिरीवरनं बघितला व्हता मी तुला, हात झटकताना."

"मग गरम हाय हे ठाऊक असून तिथं उभा राहिलास?"

"तुला डिवचायला. तू ढकलशील असं नाय वाटलं. कुनाला सांगितलं नाय. तुला सांगनार, तर तू गेलेलास."

सुनंदा घरात गेली. दिनानं पायानं राबाकडे खूण केली. "बघ आता. यंत्र नको."

मी गुडघ्यावर बसलो, हाताची पाठ वीतभर वर धरली. "अजून नाय."

दोन दिवस मी कुठेही गेलो नाही. सकाळ-संध्याकाळ हात धरत राहिलो आणि दर वेळी मोठ्यानं "नाय" म्हणालो. तिसऱ्या सकाळी म्हणालो, "थंड झालाय."

दिनानं चपला काढल्या. माझ्याकडे न बघता त्यानं अनवाणी पाय राखेत ठेवला, मग दुसरा.

इथे माझ्या आकड्यांवर मोठमोठे लोक विश्वास ठेवतात, पण आधी ते पुन्हा मोजून बघतात. घर कुठे, असं माझी मुलगी विचारते तेव्हा मला तो पाय दिसतो.